जाळीसमोरची खुर्ची

मंजुळाबाईंनी गच्चीवरची खुर्ची उचलली, थेट जाळीच्या पुढ्यात नेऊन ठेवली आणि पदर खोचून ऐसपैस बसल्या.

"माझी लेक म्हणते काही होत नाही, म्हणजे काही होत नाही," त्यांनी जमलेल्या सोसायटीला ठणकावलं. "ही बघा, मीच बसले. कर गं चालू!"

त्यांची लेक अक्षदा फोन कानाला लावून तिथेच उभी होती.

बाळकुमच्या त्या गच्चीवर मांडलेला प्रकार दिसायला साधाच. रस्त्यापलीकडच्या टॉवरवर एक तबकडी. इकडे दरवाजाएवढी तारांची जाळी आणि जाळीला जोडलेला एक दिवा. तबकडीतून वीज लहरी होऊन सुटणार, मध्ये वायर ना काही, आणि इकडे दिवा लागणार. आज हे रस्त्यापलीकडून जमलं, तर पुढे कधीतरी अवकाशातून. तिथे ना रात्र ना ढग. तिथलं ऊन गोळा करून खाली धाडायचं. अक्षदाची उमेदीची वर्षं त्यात गेलेली. काम चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरवणारे साहेब पुण्याहून आले होते आणि टाकीच्या सावलीत उभे राहून सारखे घड्याळ बघत होते. आज दिवा लागला नाही, तर गाशा गुंडाळायचा.

आणि घोडं अडलं होतं शांताबाईंपाशी. त्यांची सून प्रीती, तिला सहावा महिना, आणि राहायला गच्चीच्या बरोबर खाली. "लहरी काय स्लॅब बघून थांबणारेत?" एवढं एकच त्या धरून बसलेल्या. सेक्रेटरी साळवींनी हात वर केले: शांताबाई हो म्हणाल्या तर ठीक, नाहीतर सगळं सामान खाली. लेकीचं अडलेलं बघून मंजुळाबाई पेटल्या आणि सरळ खुर्चीच घेऊन बसल्या.

आता काही होत नाही, हे त्यांना सांगितलं कोणी? अक्षदानेच. सकाळी त्यांनी विचारलं, आणि हिने चपला घालता घालता "काही होत नाही गं आई" म्हणून टाकलं. आईला कोण एवढी फोड करून सांगत बसतं! खालच्या मजल्यावर काही होत नाही, गच्चीत कडेला उभं राहिलं तरी नाही, हे अगदी खरं. पण लहरींच्या झोताच्या मधोमध माणूस बसवायचा नसतो. तिथे अंग आतून तापतं, आणि आधी डोळ्यांवर येतं.

फोनवर पलीकडच्या टॉवरवरून विनीत घाई करत होता. "अक्षदा, सोडू का? इथे उन्हाची तिरीप येतेय, तुमच्याकडचं काही दिसत नाहीये. मध्ये कोणी नाही ना?"

"थांब! हात लावू नकोस."

"झोत थोडा कमी करा ना," साहेब हळूच म्हणाले. "बसू दे त्यांना. लोकही खूश."

कमी केला असता तर आईला काही झालं नसतं. दिवाही लागला नसता.

अक्षदा खुर्चीपाशी गेली. "आई, ऊठ. जाळीवर पडायचं ते सगळं तुझ्यावरच अडतंय. दिवा कसा लागेल?"

हेही खरंच होतं, आणि तेवढ्यावर निभावलं असतं. मंजुळाबाई उठायलाही लागल्या. पण शांताबाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या.

"एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "दिव्यासाठीच उठवतेस ना तिला? नाहीतर बसलेलं चालतं? मग माझ्या प्रीतीला आणून बसवू?"

फोनमधून विनीतचं "हॅलो, हॅलो" चालू होतं. अक्षदाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मानेनेच सांगितलं, हो म्हणून टाक.

"नका बसवू," अक्षदा म्हणाली. "तिथे कोणीच बसायचं नाही. तिथे अपाय होतो. आईला मी सकाळी अर्धंच सांगितलं."

झालं! एकच गलका उठला. "बघा, मी म्हणत नव्हतो?" साळवी ओरडले, खरं तर ते काहीच म्हणाले नव्हते. कोणीतरी वायरी काढायला वाकलं. साहेबांनी बॅग खांद्याला लावली. आणि मंजुळाबाई खुर्चीची पाठ धरून तशाच उभ्या, चेहरा पांढराफटक. लेकीसाठी चार लोकांत छाती पुढे काढली आणि लेकीनेच तोंडावर पाडलं. अक्षदाला वाटलं, आता ही जिना उतरून जाईल आणि महिनाभर आपल्याशी बोलणार नाही.

मंजुळाबाईंनी खुर्ची उचलली आणि जराशा बाजूला सरकल्या.

"इथे?" त्यांनी विचारलं. रागानेच.

"नाही. अजून लांब."

"इथे?"

"अजून, आई. पार कठड्यापर्यंत जा."

गलका थंडावला. मंजुळाबाई कठड्याशी पोचल्या आणि खुर्ची दाणकन आपटली. "इथे? आणि मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस हं. आहे ते सांग."

अक्षदाने जाळीकडे बघितलं, पलीकडच्या तबकडीकडे बघितलं, पुन्हा आईकडे बघितलं. एरवी तोंडपाठ असलेलं गणित तिने मनात परत एकदा मांडलं.

"इथे काही होत नाही," ती म्हणाली.

मंजुळाबाई बसल्या. शांताबाई जरा वेळ घुटमळल्या, मग त्यांनीही एक खुर्ची ओढली आणि मंजुळाबाईंना खेटून बसल्या. डोळे मात्र घट्ट मिटून घेतले.

"सोड," अक्षदा फोनवर म्हणाली.

दिवा लागला की नाही, ते साहेबांनी बघितलं असेल. बाकी सगळी गच्ची, अक्षदासकट, मंजुळाबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती.