चार तांदळांची माशी

जयरामअण्णांनी श्वास रोखून चिमट्यात पंख उचलला. नखाएवढा, आरपार दिसणारा. पंखांचा हा शेवटचा जोड होता. बाकीचे सगळे निकिताच्या हातून सांध्यातच फाटले होते.

निकिता त्यांची सून. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती तीन वर्षं ही यांत्रिक माशी उडवायला बघत होती. माशीचं वजन चार तांदळांचं. एवढ्याशा अंगाला मोटर आणि पाती झेपत नाहीत, म्हणून हिला पंखच मारायचे होते. पण आजवर ती टेबलावर नुसती थरथरली होती. आज संध्याकाळपर्यंत उडाली नाही तर काम बंद, असं कॉलेजच्या साहेबांनी सांगून ठेवलेलं. शेवटी तिने सासऱ्यांना गाठलं. त्यांनी मेन रोडवर चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती, पण मोतीबिंदू काढल्यापासून चिमट्याला हात लावला नव्हता. आता आपल्याच्याने व्हायचं नाही, असं ते वाटभर सांगत आले होते.

डोळ्याला भिंग लागलं आणि हात आपोआप स्थिरावले. केसाहून पातळ पट्टीवर गोंदाचा ठिपका, त्यावर पंख. मग दुसरा. त्यात तासभर गेला.

निकिताने बारीक तारांतून वीज सोडली. पंख दिसेनासे झाले. नुसती गुणगुण ऐकू येऊ लागली आणि माशी टेबलावरून उठली. दोन बोटं. चार बोटं. तिथेच, हवेत, थांबली.

आपल्या श्वासाने पडेल म्हणून अण्णांनी तोंडावर हात धरला.

दहा सेकंदांनी ती अलगद खाली बसली. निकिताला रडू आवरेना. अण्णांनी मात्र माशी तळहातावर घेऊन पुन्हा पुन्हा न्याहाळली.

"निकिता, हिच्यात चाक कुठंय?"

"चाकच नाही, अण्णा. वीज आली की ही पट्टी वाकते, गेली की सरळ होते. सेकंदाला दीडशे वेळा. त्यावरच पंख हलतात."

अण्णांनी माशी अलगद टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मला वाटायचं, जे चालतं त्याच्या पोटात चाक असतंच."

खिडकीच्या काचेवर एक साधी घरमाशी बसली होती. अण्णा उठले आणि भिंग तसंच डोळ्याला ठेवून, पाय न वाजवता, तिच्याकडे निघाले.