नाव न घेता

"आतून आवाज आला का मंग जाजा," तानबा चपराशी म्हणाला आणि त्यानं पाण्याचा गिलास बाकावर ठेवला.

मनकर्णाबाई व्हरांड्यातल्या बाकावर टेकली होती. सकाळपासून दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून ती तशीच आली होती. बोंडांची टोकं लागून बोटांना चिरा पडल्या होत्या. गिलास धरला तशा त्या झोंबल्या.

"काऊन वैनी, तोंड एवढं उतरलं?" तानबा हसला. "पोट्टेच तं हायत. फाशी थोडीच देतील?"

"फाशीचं भेव नाई, तानबाभाऊ. ते एकदाच होते."

त्या हायस्कुलात पोरांची मंडळं फार. सफाईचं वेगळं, पाण्याचं वेगळं, टकळीवर सूत कातायचं वेगळं. सेवाग्राम जवळ, तिथलं वारं अजून शाळेत शिल्लक होतं. पण दरारा होता तो शिस्त मंडळाचा. सर नुसते कोपऱ्यात बसायचे, निवाडा पोरंच करायची. आणि एक रीत होती. निवाडा होईपर्यंत ठपका असलेल्या विद्यार्थ्याचं नाव कोणी उच्चारायचं नाही. दोष पाहा, तोंड पाहू नका, असं हेडमास्तर म्हणत.

आठवीतली मीरा दप्तर सावरत बाकापाशी थांबली. "मावशी, भूगोलाचं पुस्तक तुमच्या पिशवीत टाकते. सोमवारी चाचणी हाय."

"टाक, माय."

तेवढ्यात आतून आवाज आला. मनकर्णाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली.

टेबलामागं तिघं बसले होते. एका बाजूला किराणावाल्याचा ताराचंद, दुसऱ्या बाजूला नववीतली देवका, मधे मंडळाचा अध्यक्ष चंद्रभान. तो दहावीत होता. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याचं मधलं बटण काळ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं. मनकर्णाबाईनं त्या बटणाकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

मागच्याच आठवड्यात या पोरानं आपल्या जिवलग दोस्ताला मुतारी धुवायला लावली होती. सख्ख्या बापालाही सोडणार नाही, असं शाळेत बोलत.

ताराचंद उभा राहिला. "आठवी ब. दिवाळीपासून निम्मे दिवस गैरहजर. सफाईची पाळी दोनदा चुकली. भूगोलाच्या तासाले झोप. अन् ते बी घोरून."

देवकाला हसू आलं. तिनं ते ओढणीत दाबलं.

"खरं हाय?" ताराचंदनं विचारलं.

"खरं हाय," मनकर्णाबाई म्हणाली.

"कारण?"

"वेचणी. फुटलेला कापूस कोणासाठी थांबत नाई, बाप्पा. घरात दोनच जीव. कोणीतरी वावरात गेलंच पाह्यजे."

"कारण तं सगळ्याइलेच असते. मले दुकानात काम नाई का? तरी मी येतोच ना रोज."

"तू गल्ल्यावर बसतं, ताराचंद," देवका म्हणाली. "गल्ला काई बोटाले टोचत नाई."

"मंग नियम काऊन केला? नाव काढा पटावरून."

"एक डाव माफ करा. मी तं म्हणते, राहू द्या."

एक इकडं, एक तिकडं. आता सगळं अध्यक्षावर आलं. तो पेन्सिल बोटांत फिरवत बसला होता. पेन्सिल बोटांत फिरवत बसला होता.

मनकर्णाबाईनं पिशवी छातीशी धरली. नाव घालताना हेडमास्तरांनी एकच अट सांगितली होती, सवलत मागायची नाही. नवरा गेला तेव्हाही तिनं कोणापुढं पदर पसरला नव्हता. पण आज तिच्यात मानानं बोलायचंही बळ उरलं नव्हतं.

"एवढं नाव राहू द्या," ती म्हणाली. "मॅट्रिक झाली तं नर्सच्या ट्रेनिंगले जाता येते. नाई तं जलमभर हेच बोंड हाय."

कोपऱ्यातल्या प्रभाकरराव सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. यंदा त्यांची नोकरी संपत होती. "आटपा पोरांनो," ते म्हणाले. "इतकी वर्षं मंडळं पाहिली. वर्गात झोप का लागली, हे दोष वाचायच्या आधी विचारणारं मंडळ काही माझ्या नशिबात दिसत नाही."

बाहेर तानबा फाटकाची साखळी ओढत होता.

चंद्रभाननं पेन्सिल खाली ठेवली.

"नियम सगळ्याइले एकच हाय," तो म्हणाला. आवाज बारीक होता. "नाव कटते."

मनकर्णाबाईनं टेबलाची कड धरली.

"पण पालकानं हमी देल्ली तं राह्यते. गैरहजेरी होऊ देणार नाई, अशी हमी. मागं दोघाइले तसं ठेवलं आपण. हे बी त्याच नियमात बसते."

"बसते," देवका पटकन म्हणाली.

ताराचंदनं खांदे उडवले. "बसते. पण हमी मंडळासमोर उभं राहून द्या लागते. लपूनछपून नाई."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. "मग झालं. पालकांनी पुढं यावं."

मनकर्णाबाई हलली नाही. ती खाली फरशीकडं पाहत राहिली.

खुर्ची सरकली. चंद्रभान उठला. टेबलाला वळसा घालून तो मनकर्णाबाईच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानं तिच्या हातातली पिशवी आपल्याकडं घेतली.

"हमी मी देतो. उद्यापासून अर्धी वेचणी माह्यी."

"तुह्यं दहावीचं वर्ष हाय रे," मनकर्णाबाई पुटपुटली.

"अन् तुह्यं आठवीचं, आई."