दोन अंश

पातूर रस्त्यावरच्या नव्या मंगल कार्यालयात कुलदीप कॅमेरा आपोआप सरळ धरणारा गिम्बल पहिल्यांदाच जोडत होता. मोटरी गुरगुरून थांबल्या. पण स्क्रीनवर स्टेजजवळचा खांब वाकडाच दिसला. तीनदा कॅलिब्रेशन केलं, तरी तेच. "मशीनच खराब निघाली," तो करवादला. बायको रागिणी गवंड्याची पोर. तिनं खुर्चीवर चढून दोऱ्याला बांधलेली किल्ली खांबालगत सोडली. खाली ती खांबापासून दोन बोटं दूर लोंबली. "अवो, मशीन खरं सांगून राह्यली. खांबच झुकला." कार्यालयाचा मॅनेजर हसला. "काळी माती हाय, जमीन हालते; थोडंफार चालते. तुमी शूटिंग पाहा, वऱ्हाड येऊन राह्यलं." कुलदीपनं सेटिंगमधून कॅमेराच दोन अंश तिरपा केला. खांब सरळ दिसू लागला. हॉल भरला, मंगलाष्टकं सुरू झाली. स्टँडवरच्या गिम्बलला कुणी हात लावला नव्हता. स्क्रीनवरचा खांब पुन्हा वाकडा झाला होता.