दुसऱ्यांदा सांगितलेलं

पडद्यावरच्या आईने जळत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घातला. ज्योत बारीक झाली आणि विझली. बशीतलं निळं पाणी हळूहळू पेल्यात चढू लागलं.

“हिचा चष्मा माझ्या चष्म्यापेक्षा स्वच्छ आहे,” शेजारी बसलेली खरी आई मुलीच्या कानाशी कुजबुजली.

कंपनीच्या त्या काचेच्या खोलीत तिघंच होती. आई, मुलगी आणि समोर बसलेले कंपनीचे एक तंत्रज्ञ. टेबलावर पाण्याचा एक पेला, पेन आणि करारनामा. यापुढे पडद्यावर यंत्राने घडवलेली आई बोलणार होती. चेहरा तिचाच, आवाज तिचाच, रोज एक नवा प्रयोग, बारा भाषांत. खऱ्या आईने मात्र पुन्हा कॅमेऱ्यासमोर यायचं नाही, अशी अट होती.

आईने पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रयोग मांडू लागली. मोबाइल स्टँडवर लावून मुलगी डाव्या बाजूला दिवा धरून उभी राहायची आणि नंतर व्हिडिओची काटछाट करायची. सहा वर्षांत लाखो मुलं ते बघू लागली. मग वारा फिरला. बाकीचे लोक यंत्राकडून दिवसाला तीन-तीन व्हिडिओ काढून घेऊ लागले. या दोघींचा आठवड्याला एक, तोही धापा टाकत. बघणारे निम्म्यावर आले. आईला ओट्याशी फार वेळ उभं राहवत नव्हतं आणि मुलीला गेल्या कित्येक महिन्यांत सुट्टीचा एकही दिवस मिळाला नव्हता. हा करार तिनेच शोधून आणला होता. आईने सगळी कलमं वाचली, दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आणि एवढंच म्हणाली की तुला पटलं तर मी सही करते.

नमुन्यासाठी कंपनीने सगळं चित्रीकरण मागितलं होतं, काटछाट न केलेलं. मुलीने सहा वर्षांची हार्ड डिस्क देऊन टाकली होती.

पडद्यावरची आई आता कारण सांगत होती. पेल्यातल्या वायूचं तापमान घटलं की त्याचा दाबही घटतो, बाहेरच्या वातावरणाचा दाब त्याहून जास्त राहतो आणि तो पाण्याला आत ढकलतो. सगळं अचूक होतं. तेवढं बोलून ती थांबली. तिने मान किंचित डावीकडे वळवली आणि कुणाकडे तरी बघून विचारलं, “पटलं का?”

अडीच-तीन सेकंद गेले. पडद्यावरच्या आईने समाधानाने मान डोलावली आणि ती पुढच्या प्रयोगाची बाटली उचलू लागली.

मुलगी खुर्चीत पुढे सरकली. हे वाक्य एकाही व्हिडिओत नव्हतं. दर वेळी तिने स्वतः कापून टाकलं होतं.

तंत्रज्ञांनी चित्र थांबवलं. माणूस सरळ होता, लपवाछपवी करणारा नव्हता. ते म्हणाले की मॅडमना ही सवयच आहे, प्रत्येक चित्रीकरणात सापडली. लकब म्हणून बरी वाटली, ठेवली. नको असेल तर तासाभरात काढता येईल. तिथे मागून कुणाचा तरी आवाज यायचा, तेवढा साफ केला आहे. शिवाय मॅडम प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायच्या. वेळ वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्यांदा सांगितलेलं वगळलं आहे.

आईने पेनचं टोपण काढून ठेवलं होतं.

मुलीला मेणबत्तीचा तो पहिला दिवस आठवला. तेव्हाही आईने आधी दाब आणि तापमान सांगितलं होतं. मग डावीकडे बघून विचारलं होतं. दिवा धरलेल्या मुलीने नाही म्हटलं होतं. आतला ऑक्सिजन जळून गेला म्हणून पाणी चढतं, असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं, असा वाद घातला होता. मग आईने मेणबत्ती पुन्हा पेटवली, पेला पुन्हा उपडा घातला आणि म्हणाली की नीट बघ, ज्योत जळत असताना पाणी चढतंय की विझल्यावर? गरम हवा फुगलेली होती. थंड झाली, अंग चोरून बसली. मोकळी झालेली जागा पाण्याने घेतली.

पहिलं सांगणं मुलगी कापून टाकायची. लाखो मुलांनी पाहिलं होतं ते हे. दुसऱ्यांदा सांगितलेलं.

“पुन्हा एकदा लावता?” मुलीने विचारलं.

तंत्रज्ञांनी लावलं. पेला उपडा झाला, ज्योत विझली, पाणी चढलं. तापमान, दाब, वातावरण. मग तो स्वच्छ चष्मा डावीकडे वळला.

“पटलं का?”

“नाही,” मुलगी म्हणाली.

पडद्यावरच्या बाईने समाधानाने मान डोलावली आणि पुढची बाटली उचलली.

खऱ्या आईने पेनला टोपण लावलं, करारनामा बाजूला सारला आणि टेबलावरचा पाण्याचा पेला पुढ्यात ओढून घेतला.

“कुठे अडलं?” तिने विचारलं.