बादलीतली केतकी

"ही केतकी न्हाईच, आई. बघ की, काटे कुठं हायत?"

रंगाच्या जुन्या बादलीतल्या झाडाचं एक पान धरून रुद्राणीनं कडेवरून बोट फिरवलं. वरून खाली, खालून वर. मग ते बोट आईच्या नाकासमोर नाचवलं. साधा ओरखडासुद्धा नव्हता. केवड्याच्या पानाला दोन्ही कडांनी करवत असते, याला सुई फक्त टोकाला, तीही छाटलेली. रुद्राणीला हे कळणारच. गेल्या महिन्यात शाळेच्या प्रदर्शनात वनस्पती ओळखण्यात तिचा पहिला नंबर आला होता आणि तेव्हापासून ती रस्त्याकडेच्या गवतालाही नावानं हाक मारत होती.

तिच्या आई, चन्नबसम्मा, दोन पावलं मागं सरकल्या. कपाळावरची विभूती अजून ओली होती. श्रावणातला सोमवार, पूजेला बसायची वेळ, आणि अंगणात हे. पहाटे झाडाच्या दांड्यावर घंटेसारखी पांढरी फुलं उमलली होती, चांगली तीस-चाळीस.

"वास तरी घे. केवडा असता तर सगळं बोरी गाव घमघमलं असतं."

"शंकरानं शाप दिलेल्या फुलाचा वास घेऊ व्हय, ते बी सोमवारी?" चन्नबसम्मा म्हणाल्या. "केतकी आपल्या दारात चालत न्हाई. फुलावर आलेलं झाड तोडताबी येत न्हाई. जिनं आणलं तिनंच तिच्या हातानं परत नेऊन द्यायचं, अन् पाच दिवस तिथंच राहायचं. लगेच माघारी आली तर दोष संगं येतोय."

जिनं आणलं ती अनुपमा वहिनी दाराला टेकून उभी होती. गेल्या वर्षी पंचमीला माहेरी, पाथरीला गेली तेव्हा वडिलांच्या नर्सरीतून तिनं हे झाड आणलं होतं. काळ्या मातीत पाणी साचून बूड सडतं म्हणून निम्मी रेती आणि विटांचा चुरा मिसळला. पाणी आठ दिवसांतून एकदाच. सासूच्या लुगड्यात अडकू नयेत म्हणून पानांची टोकं नेलकटरनं एकेक छाटली. आणि आज ते झाड दाराबाहेर निघालं होतं तर ही अडवायला पुढं येत नव्हती. रुद्राणी अंगणात येरझाऱ्या घालायला लागली.

"वहिनी, तूच म्हणली होतीस ना मला, युक्का हाय म्हणून?"

"कुणी कुणी केतकीबी म्हणतात," वहिनी पदराचं टोक पिळत म्हणाली.

शिवकांतदादा खताचं दुकान उघडायला निघाला होता. गाडीची किल्ली बोटात फिरवत तो थांबला.

"आता हंगामात पाच दिवस? दुकानात बिलं कोण करणार? आई, रुद्राणी म्हणतीय तर नसंल केतकी. पोरगी हुशार हाय. पुरावा आण गं, मग आपण हे झाड इथंच ठेवू."

दादानं तिला हुशार म्हणायची ही पहिलीच वेळ. रुद्राणीची मान ताठ झाली. पुरावा होताच. बादलीच्या कडीला तारेनं अडकवलेली प्लास्टिकची पट्टी, वहिनीच्या वडिलांच्या अक्षरात नाव लिहिलेली. तिनं कडी फिरवली. तार होती. पट्टी नव्हती. काल तर होती.

"थांबा. आलेच मी. कुणी हलू नका."

तिनं ओसरी पालथी घातली, न्हाणीमागं बघितलं, मग वहिनीच्या खोलीत शिरून खाटेखाली वाकली. तिथं पिशवी होती. गच्च भरलेली. वर धूळ, आणि धुळीत बोटांचे ताजे ठसे. चेन अर्धवट उघडी होती आणि फटीतून पट्टीचं टोक डोकावत होतं.

'युक्का. ऊन भरपूर, पाणी कमी.'

पट्टीखाली बाळाचं टोपडं होतं. वहिनीनं बहिणीच्या बाळासाठी विणलेलं, पंचमीला न्यायचं म्हणून. यंदा पंचमीला दादा म्हणाला होता, दुकानात गर्दी हाय. संक्रांतीलाही म्हणाला होता. दिवाळीलाही. टोपड्याखाली दोन साड्या, तिच्या वडिलांच्या गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली. पंचमी होऊन पंधरा दिवस झाले होते. पिशवी कुणी सोडलीच नव्हती.

रुद्राणीनं पट्टी परत आत सारली आणि चेन पूर्ण लावली.

"मिळाला का पुरावा, पंडितीणबाई?" चन्नबसम्मांनी विचारलं.

दादा तिच्याकडंच बघत होता. बरोबर असणं रुद्राणीला जगात सगळ्यात जास्त आवडायचं. नाव अगदी जिभेवर आलं होतं.

"केतकीच हाय," ती म्हणाली. "माझं चुकलं."

दादानं कपाळावर हात मारला, पण देवापुढं त्याचं काय चालणार? दहा मिनिटांत बादली गाडीत चढली. वहिनी पिशवी घेऊन बाहेर आली तेव्हा तिनं पहिल्यांदा रुद्राणीच्या डोळ्यांत बघितलं, आणि जाता जाता तिचा हात इतक्या जोरात दाबला की बांगडी रुतली.

गाडी वळणाआड गेली. एवढं खोटं आयुष्यात ती कधी बोलली नव्हती, आणि तेही सोमवारी, आईच्या पूजेच्या वेळी. खरं सांगून टाकावं म्हणून ती देवघराच्या दारात गेली.

चन्नबसम्मा पूजेला बसल्या होत्या. डाव्या तळहातावर इष्टलिंग होतं, बेलाचं पान होतं, आणि त्या पानावर युक्काचं एक पांढरं, घंटेसारखं फूल.

त्यांनी मान वळवली नाही.

"बुडाशी एक पिल्लू फुटलं होतं त्याला," त्या म्हणाल्या. "मी काढून मोरीपाशी डब्यात लावलंय. पाणी बेतानं घाल. पुढच्या पंचमीला लागंल."