विंगेतला आवाज

“आज तोंड उघडायचं नाही, फ्राऊ पेरेल. त्यांना अडखळू द्या. तुम्ही स्वयंपाकघरातून हलायचं नाही,” मालिनीने पुन्हा एकदा बजावलं.

म्हातारी फेन्या पेरेल ओट्याला टेकून उभी होती. “भर प्रयोगात गप्प बसणारी प्रॉम्प्टर पाहिलीस कधी?”

“हा प्रयोग नाही.”

“लाझार खोलीत आहे ना? मग प्रयोगच.”

फेन्याचा नवरा लाझार पेरेल बाहेरच्या खुर्चीत बसला होता. यिद्दिश रंगभूमीवरचा लाडका विनोदी नट. यिद्दिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली. एके काळी किशिनेव्हपासून व्हिल्नियसपर्यंत लोक याचं नुसतं नाक पडद्याआडून दिसलं तरी हसायचे. फेन्या विंगेत बसून त्याला वाक्यं पुरवायची. पुढे हसणारे संपले. ती बोली समजणारे बरेचसे तर त्याच्या लहानपणीच मारले गेले होते. आणि ज्या देशाने मारले, त्याच जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या दोन खोल्यांत हे जोडपं येऊन पडलं. लाझार म्हणायचा, “तेव्हा यांना मी सापडलो नाही. म्हणून म्हातारपणी स्वतःच हजर झालो.”

मालिनी रोज सकाळी त्याच्या पायाची जखम बांधायला यायची. नर्सच्या, इथल्या भाषेत ‘श्वेस्टर’च्या, नोकरीत अशी बारा घरं. पण इथे ती रेंगाळायची. कारण लाझार विसरत चालला होता, आणि विसरतानाही हसवत होता.

“आज वार कुठला?” ती विचारायची.

लाझार भुवई उंच करायचा आणि कान स्वयंपाकघराच्या दाराकडे न्यायचा. आतून यिद्दिशमध्ये कुजबुज यायची. मग तो राजासारखा जर्मनमध्ये गरजायचा, “मंगळवार!”

असायचा गुरुवार.

गोळी घेतली का, मुलगी कुठे असते, जेवण झालं का, सगळी उत्तरं आतून यायची. अर्धी चुकायची. मालिनीला यिद्दिश येत नव्हतं. दारापासून खुर्चीपर्यंत येईतो याच्या डोक्यातून सगळं सांडतं, असं तिने धरलं होतं. एकदा पातेलं जळून कोळसा झालं. “मीच ठेवलं,” म्हणत लाझारने पातेल्याला वाकून मुजरा केला.

हसू येत होतं तोवर ठीक होतं. मग तिच्या ऑफिसने कळवलं, हा माणूस असा घरी ठेवता येणार नाही. सरकारी फ्लेगेग्राड, म्हणजे माणसाला किती देखभाल लागते त्याचा दर्जा, मिळाला, तर रोज घरी मदतनीस येईल. नाही मिळाला, तर लाझार गावाबाहेरच्या बंद वॉर्डात, आणि फेन्या इथे. दोन म्हातारे जीव तोडायला या देशात कुणाला आवाजही चढवावा लागत नाही. अगदी सभ्यपणे तोडतात.

फ्लेगेग्राड ठरवायला आज तपासणीची बाई येणार होती. आणि म्हातारे तिच्यासमोर हमखास नटूनथटून बसतात, सगळं जमतं म्हणतात, ती तसंच लिहून जाते. त्यातून हा तर नट! समोर प्रेक्षक दिसला की मेलेला उठेल.

“अगं, ड्रेसिंगला जातेस की नाटक बसवायला?” सकाळी तिचा नवरा चंद्रशेखर म्हणाला होता. “कळलं तर तुझी नोकरी जाईल.”

“जाऊ दे. अहो, ती माणसं मरतील वेगळी केली तर.”

बेल वाजली.

बाई आली, बसली, लॅपटॉप उघडला. “हेर पेरेल, आज तारीख काय?”

लाझारने दाराकडे पाहिलं. आत शांतता.

“ऋतू कोणता चालू आहे?”

पुन्हा दार. पुन्हा शांतता. त्याचे ओठ हलले आणि मिटले.

“हल्ली ऋतूंनाच स्वतःचा पत्ता नसतो,” त्याला धीर द्यायला बाई हसून म्हणाली. ते हसू लाझारने टिपलं. त्याची भुवई चढू लागली. आता हा हसवणार. आता सगळं संपलं.

भुवई थरथरली. खाली आली.

“स्वयंपाकघरात कोण आहे, हेर पेरेल?”

त्याने दाराकडे पाहिलं. डोळे भरून आले. “एक बाई आहे,” तो म्हणाला. “चांगली आहे. माझ्याशी फार चांगली वागते.”

बाईने लॅपटॉप मिटला. जिन्यात ती मालिनीला हळूच म्हणाली, “कागद येईलच. पण काळजी करू नका. रोज माणूस येईल. दोघं इथेच राहतील.”

मालिनी जिन्यातच कठडा धरून रडली. बायकोला ओळखत नाही हा! आणि तिने ते दाराआडून ऐकलं, तोंड मिटून. आपणच मिटायला लावलं.

डोळे पुसून ती आत गेली. खुर्ची रिकामी होती. स्वयंपाकघरात लाझार ताठ उभा होता, फेन्याचा हात हातात घेऊन. मालिनीला पाहून फेन्या अनोळखी माणसाशी हसावं तसं, आदबशीर हसली.

“या ना. कोण हवंय आपल्याला?”

ती पाहुणीसाठी कप काढायला वळली, तेव्हा लाझारने तिच्या खांद्यावरून मालिनीकडे पाहिलं आणि, आजवर कधी न ऐकलेल्या साध्या, थकलेल्या आवाजात कुजबुजला, “तिला कळू देऊ नका, श्वेस्टर. अजून तिला वाटतंय, विसरतोय तो मी.”