दोघांतला पेला

पाठीवर बोचकी बांधून, मिळेल त्या ट्रकने उर्मिला नवऱ्याबरोबर लंडनहून गिरगावात परतली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला निघालेले शेजारी प्रवासाच्या गोष्टी ऐकायला थांबले, तेव्हा नवऱ्याने दोघांतला एकमेव इनॅमलचा पेला उंचावला. “तुर्की हमाल, इराणी धनगर, पठाण ड्रायव्हर, आम्ही, सगळे याच पेल्याला तोंड लावून प्यायलो! महाराष्ट्राची एकजूट अशी हवी!” टाळ्या पडल्या. तेवढ्यात चाळीचे संडास धुऊन आलेल्या शेवंताबाईंनी दारातून पाणी मागितलं. उर्मिलाने तोच पेला भरून दिला. त्या पिऊन जाताच नवऱ्याने तो दोन बोटांत उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा. “शी! हा आता तिलाच देऊन टाक.” पेला हिसकावून उर्मिला मोरीत राखेने घासू लागली. “घासून काय होणार? तिचं उष्टं आहे!” “तिचं नाही, तुमचं काढतेय.”